पिवळा वंश, लाल वंश

आमच्या धुलाई कारखान्यात त्या दिवशी यंत्रं बंद आणि माणसं रांगेत उभी. शहरात तापाची साथ, आणि दारात वंशबाबा! बोट ओलं करून त्यांच्या पिवळ्या कागदावर टेकायचं. कागद पिवळाच राहिला तर वीरवंश, ताप शिवणार नाही. लाल झाला तर दुबळं रक्त, काढ्याची बाटली घ्या.

"पूर्वज बोलतात, बेटा. कागद फक्त ऐकतो!" बाबा डोळे मिटून सांगत.

माझा कागद लालभडक झाला. इस्त्रीवाल्या दादाचा पिवळाधमक. आम्ही सख्खे भाऊ, तरी कुणाला काही खटकलं नाही. इस्त्रीवाले सगळे वीर, आम्ही धुणारे सगळे दुबळे. पूर्वजांनी खाती वाटून घेतली असावीत.

दादा छाती फुगवून घरी आला. "मी लस घेणार नाही. मित्र तापाने पडलाय, त्याच्याजवळ बसायला जातो."

आई दम्याची. तिची खाट दादाच्या खाटेला लागून.

"दोघं एकाच पोटचे ना रे?" आई कडाडली. "मग वंश दोन कुठून आणले?"

"आई, ते शास्त्र आहे," दादा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात लस द्यायला डॉक्टरीणबाई आल्या. दादाने हात मागे घेतला आणि ऐटीत खिशातला कागद दाखवला. बाईंनी तो हुंगला.

"हळदीचा डाग सोड्याच्या पाण्यात टाकला की काय होतं हो?"

"लाल होतो," आम्ही सगळे एका सुरात बोललो आणि आपापली बोटं बघू लागलो. रोज हेच बघणारे आम्ही!

बाईंनी दादाचं बोट धुण्याच्या टबात बुडवून कागदावर टेकवलं. वीरवंश क्षणात लाल झाला. मी हात स्वच्छ धुऊन आलो आणि त्याच कागदाच्या कोऱ्या कोपऱ्यावर बोट टेकवलं, तर तो पिवळाच राहिला.

"म्हणजे वंशाचं सगळं थोतांड?" दादाने पडलेल्या आवाजात विचारलं.

"सगळं नाही. एकाच विषाणूला कुणाचं शरीर जास्त खवळून उत्तर देतं, कुणाचं कमी, आणि त्यात पूर्वजांकडून आलेल्या जनुकांचा थोडा वाटा असतो. पण खवळणं म्हणजे बळ नव्हे, कधी त्यानेच माणूस आडवा होतो. शिवाय हे पुष्कळ लोकांच्या रक्तावर काम करून कळतं, तेही सरासरीने. तुम्हाला एकट्याला अभय देणारा कागद कुणाकडेच नाही. आणि समजा, तुम्ही तगलात, तरी घरी ताप घेऊन जाल त्याचं काय?"

दादाला आईची खाट आठवली असावी. त्याने बाही वर केली.

बाबा तोवर बाटल्यांसकट पसार झाले होते. त्यांना दोष देऊन काय उपयोग? फसलो आम्हीच, डोळ्यांसमोरचं विसरून. तुमच्या दारी असा कुणी आला, तर हरखून जाण्याआधी एवढंच विचारा, हे दुसऱ्या कशानं होत असेल का?

संध्याकाळी आईने दादाचा दंड बघितला आणि म्हणाली, "रक्त कुणाचं ते मला विचारत जा. तापाचं बाईंना विचार."

दादाने खाट मात्र त्याच रात्री आईपासून लांब, माझ्या बाजूला सरकवली.