धुरपताबाईने घासलेला नळ

मित्रांनो, मी एक जुना नळ आहे. तसं माझं वय फार नाही, पण अंगावरचे पिवळे चट्टे पाहून तुम्ही मला जुनाच म्हणाल. मुर्री गावात एका शेतकऱ्याच्या घरी, स्वयंपाकघराच्या ओट्यावर मी राहतो. हसू नका, एके काळी माझ्यात तोंड बघून लोक केस नीट करत असत.

माझा जन्म दूरच्या कारखान्यात झाला. आधी पितळ ओतून मला आकार दिला, मग वर क्रोमचा मुलामा चढवला. हा मुलामा कांद्याच्या पापुद्र्याहूनही पातळ असतो, पण त्याचा तोरा केवढा! गोंदियाच्या दुकानात मी काचेमागे ऐटीत बसलो होतो. रेणूने मला पाहिलं आणि नवऱ्याला, भुपेंद्रला म्हणाली, "बस, हाच पाहिजे." मुर्रीत नुकत्याच बांधलेल्या त्यांच्या घरात तिने स्वतः पसंत केलेली मी एकच वस्तू. त्यामुळे माझे लाड फार झाले.

आमच्या बोअरच्या पाण्यात क्षार भरपूर. म्हणून रोज संध्याकाळी भांडी आवरली की रेणू मला मऊ फडक्याने कोरडं करी. पांढरे डाग पडलेच, तर पाण्यात थोडं लिंबू पिळून त्यात भिजवलेलं फडकं डागावर ठेवी आणि लगेच धुऊन पुसून काढी. तिची सासू धुरपताबाई ते बघून म्हणे, "नळाले का लेकरावानी पुसून राहिली वो बाई?" पण तिच्या बोलण्यात राग नसे. सासू-सुनेचं नुकतं कुठं जमू लागलं होतं.

मग रेणू बाळंतपणाला माहेरी गोंदियाला गेली. इकडे धानाची कापणी आली. धुरपताबाई शेतात, गोठ्यात आणि चुलीपाशी राबत होती. माझ्याकडे बघायला कुणाला सवड नव्हती. माझ्यावर पांढरी खपली धरली आणि मला फार एकटं वाटू लागलं.

अखेर रेणू बाळाला घेऊन यायचा दिवस ठरला. आदल्या दिवशी धुरपताबाईने कंबर कसली. पाणी भरायचे पितळेचे मोठे गुंड, लोटे, परात, सगळं तिने चिंचेने आणि धानाच्या कोंड्याच्या राखेने घासलं. आमच्याकडे ही राख घरोघरी असते आणि तिने पितळ असं उजळतं की बघत राहावं. मग तिची नजर माझ्याकडे वळली. "तुले कोनी विचारलंच नाही ना रे," असं म्हणून तिने तणसाचा, म्हणजे धानाच्या पेंढ्याचा, चोथा राखेत बुडवला आणि मला घासायला घेतलं.

ही राख क्रोमवर बारीक वाळूसारखी चालते. माझा मुलामा खरवडून निघाला आणि आतलं पितळ दिसू लागलं. तिला वाटलं, मळच निघतो आहे! ती बिचारी आणखी जोर लावून घासू लागली. घामाघूम होऊन तिने लेकाला हाक मारली, "पाय ना भुपेंद्र, कसा सोन्यावानी निघाला!"

"अवो माय, हे का केलं?" भुपेंद्र म्हणाला. "त्याचं पालिश गेलं ना. रेणूनं पसंत केला होता हा नळ."

धुरपताबाई ओट्यापाशीच खाली बसली. "मी त तिच्यासाठीच घासून राहिली होती. आता ती का म्हनंन मले?" सून पहिल्यांदाच नातवाला घेऊन येणार आणि घरात पाय ठेवताच तिचं मन मोडणार, ही भीती तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होती. मलाही रडू आलं. आम्हा नळांना ते सोपंच असतं.

दुसऱ्या दिवशी तिने मला टॉवेलने झाकलं. रेणू आली. भाकरतुकडा ओवाळून झाला. बाळाला सासूच्या हाती देऊन ती हात धुवायला आली आणि तिने टॉवेल उचलला.

"माझ्याच हातानं झालं, बाई," दारातून धुरपताबाई म्हणाली. "राखेनं घासलं. भुपेंद्र दुसरा आनून देईल."

रेणूने माझ्यावरून बोट फिरवलं. तिचं तोंड उतरलं, हे मी लपवणार नाही. काही बोलायला म्हणून ती वळली, आणि तिची नजर बाळाला धरलेल्या हातांवर गेली. चिंचेने आणि राखेने त्या बोटांची सालं निघाली होती. नखांपाशी रक्त सुकलं होतं.

"आई, हे काय हाल करून घेतले हातांचे?"

"तुले चांगलं वाटावं म्हून..." धुरपताबाईने बोटं बाळाच्या दुपट्याखाली लपवली.

रेणूने बाळाला गादीवर निजवलं. सासूला पाटावर बसवून तिचे हात कोमट पाण्याने धुतले, ओढणीने अलगद टिपले आणि एकेका बोटाला खोबरेल तेल लावलं. "नळ तर दुकानात भेटते, आई," ती म्हणाली. "हे हात मी कुठून आणू?" धुरपताबाई मान खाली घालून रडली. त्या दिवशी मला कुणी पुसलं नाही, आणि मला त्याचं जराही वाईट वाटलं नाही.

रेणूने मला बदलू दिलं नाही. म्हणून सांगतो मित्रांनो, नळाला राख लावू नका, मऊ फडक्याने पुसून कोरडा ठेवा. आणि तुमच्या घरात काही लखलखताना दिसलं, तर ते कुणी घासलं ते विचारा, आणि ते हात एकदा आपल्या हातात घेऊन बघा.