युतुखाची डुलकी

नेटाला झोप लागली ती तिसऱ्या उपदेशात, आणि तीही सगळ्या मंडळीच्या तोंडासमोर. मागच्या बाकावर लागली असती तर कुणी हूं की चूं केलं नसतं. बीट काढणीच्या दिवसांत तिथं अर्धे पुरुष माना टाकून बसतात, आणि त्याला बिश्केककडच्या या ख्रिस्ती गावात चिंतन म्हणतात. पण गायनमंडळ बसतं ओट्यावर, लोकांकडे तोंड करून. त्यामुळे नेटाची मान कशी कलली, ती शेजारच्या लेनाच्या खांद्यावर कशी टेकली आणि मग बारीकसं, मांजरासारखं घोरणं कसं सुरू झालं, हे सगळ्यांनी पाहिलं. उपदेश आब्राम भाऊंचा होता. त्यांनी मध्ये थांबून वळून पाहिलं, एवढं पुरे झालं.

पुढच्या रविवारी प्रार्थनागृहाच्या दारातच गाणं बसवणाऱ्या गेरहार्डनं तिला गाठलं. बोलताना तो आपल्या बुटांकडे बघत होता. आब्राम भाऊंचं म्हणणं, नेटाला मंडळातून काढावं. आज ती खाली बायकांत बसेल, उपदेश ऐकेल, आणि मग वडील मंडळी ठरवतील.

नेटानं आपल्या तान्ह्या पेटरला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि सासूशेजारी जाऊन बसली. पेटरला दात येत होते. रात्र रात्र तो तिच्या खांद्यावर लाळ गाळत फिरायचा, आणि पहाटे डोळा लागतो न लागतो तोच गाई हंबरायच्या. आठवड्यात एकच वेळ तिची होती. मंगळवारी संध्याकाळी सराव. तेव्हा पोर नवऱ्याकडे, कॉर्नीकडे असायचं, आणि ती लेनाच्या बाजूला उभी राहून खालच्या पट्टीतला सूर धरायची. तासभर तिच्या अंगाला कुणी लोंबकळत नसे. घरी परतताना छाती दुधानं जड झालेली असे आणि डोकं मात्र पिसासारखं हलकं. ते गेलं तर आठवड्यात राहिलं काय? गाई.

आब्राम भाऊ उभे राहिले. आज त्यांनी युतुखाची गोष्ट काढली. पौल उपदेश करत असताना खिडकीत बसलेला हा तरुण पेंगला, तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला आणि मेला.

“मेला,” भाऊ म्हणाले आणि बायकांच्या बाजूला बघून पुन्हा म्हणाले, “मेला.”

मग ते खुलले. झोप ही सैतानाची उशी. ज्याचा डोळा मिटतो त्याचा आत्मा खिडकीतून घसरतो. देवाच्या घरात जांभई म्हणजे दार किलकिलं ठेवणं. पेटर नेटाच्या ओढणीचं टोक चघळत होता. ती त्याच्या केसांवर ओठ टेकून ऐकत होती आणि तिच्या मनात राहून राहून येत होतं की हे अर्धंच सांगतायत. गोष्ट तिला लहानपणापासून पाठ होती. खाली पडलं ते पोर, पण त्याआधी काय झालं? आणि नंतर?

सासूला, लीजेला, तिची चुळबुळ कळली असावी. ती न वळता पुटपुटली, “गप बस हं. बायकांनी इथं शिकवायचं नसतं.”

“मी कुठं शिकवतेय, आई?”

“तुझं नाक फुगलंय.”

उपदेश संपला आणि सगळे गुडघ्यांवर आले. बायकांना शिकवायची मुभा नव्हती, पण प्रार्थना कुणीही मोठ्यानं करावी, आणि चाललेली प्रार्थना कुणी तोडू नये, असा रिवाज होता. त्यामुळे त्या गावात पुष्कळ गोष्टी देवामार्फत कळायच्या. कुणाची गाय कुणाच्या गवतात शिरली, बिश्केकला शिकणाऱ्या कुणाच्या मुलीनं केस कापले, सगळं बिचाऱ्या देवाला गुडघ्यावर ऐकावं लागे.

नेटानं पेटरला लीजेच्या हातात दिलं.

“हे पित्या,” ती म्हणाली. आवाज तिनं खालच्या पट्टीत लावला. “आब्राम भाऊंच्या उपदेशाबद्दल तुझे आभार. घाईघाईत त्यांच्याकडून थोडं सांगायचं राहिलं.”

पुरुषांकडे कुणीतरी खोकलं. त्या उपदेशात पेटरची दोनदा दुपटी बदलून झाली होती.

“तू तर तिथं होतास. पौलाला दुसऱ्या दिवशी निघायचं होतं, म्हणून तो मध्यरात्र झाली तरी थांबेना. माडीवर दिवे, धूर, आणि ते पोर बहुतेक दिवसभर राबून आलेलं. ते पडलं तेव्हा पौल खाली धावला. त्यानं त्याला कवेत घेतलं, म्हणाला, घाबरू नका, जीव आहे. ते मेलं तिथं गोष्ट संपत नाही, पित्या. पोर जिवंत घरी गेलं. त्याला कुणी रागावलं नाही, कुठून काढून टाकलं नाही. वर जाऊन सगळे जेवले. मला वाटतं, चुकलंच असेल तर बोलणाऱ्याचं, किंवा पोराला खिडकीत बसवणाऱ्याचं. मी घोरले, ते खरं. माझ्या रात्री तू पाहतोसच. त्या वेळी आमच्या घरात जागे आपण तिघंच असतो, तू, मी आणि पेटर. कॉर्नी नसतो. माझी गाण्याची जागा राहू दे. आमेन.”

कॉर्नीचे कान लाल झाले. पण त्याच्या बाजूनंही ‘आमेन’ आलं, जरा घाईनं.

आब्राम भाऊंना आता उपदेश पुन्हा सुरू करता येईना. तेही प्रार्थनेतच उतरले.

“हे प्रभो, ज्या भगिनींना तुझं वचन भावांपेक्षा जास्त कळतं, त्यांना नम्रता दे.”

आणि मग ते देवाला झोपेचे सगळे दाखले सांगू लागले. जहाजात झोपलेला योना झाला. बागेत डोळे न उघडणारे शिष्य झाले. शमशोन झोपला नि टक्कल झालं. लाकडी जमीन गुडघ्यांत शिरायला लागली. म्हाताऱ्या बायका एका गुडघ्यावरून दुसऱ्यावर भार टाकू लागल्या. चाललेली प्रार्थना तोडता येत नव्हती, आणि भाऊ आता नोहापर्यंत मागे चालले होते.

नोहा तंबूत आडवा झाला तोच बायकांच्या पुढच्या रांगेतून आवाज आला, “आमेन.”

भाऊंच्या बायकोचा, टीनाचा. मंडळीत तिचा आवाज गाण्याखेरीज कुणी ऐकला नव्हता. शब्द मोठा नव्हता, पण अगदी पुरता होता, जेवण झाल्यावर पातेल्यावर झाकण ठेवावं तसा. लगोलग सगळ्यांनी आमेन म्हटलं. इतक्या एकदिलानं या प्रार्थनागृहात काहीच झालं नव्हतं. आता उठण्याखेरीज गत्यंतर नव्हतं.

भाऊ गुडघे झटकत उभे राहिले. त्यांनी बायकोकडे पाहिलं. ती त्यांच्याचकडे बघत होती, तेही शांतपणे.

“गाणं होऊ दे,” ते म्हणाले.

गेरहार्डनं ओट्यावरून नेटाला हात केला. ती वर गेली, लेनानं सरकून जागा दिली. पहिल्याच कडव्यात खाली पेटरनं भोकाड पसरलं. लीजे त्याला घेऊन बाहेर चिनारांखाली फिरू लागली, आणि नेटानं सूर सोडला नाही.

सभा उठल्यावर एकावर एक गोळा बसवून भाजलेले दुहेरी पाव वाटले जात होते तेव्हा गेरहार्ड जवळ आला. वडील मंडळींचं ठरलं होतं. जागा तिचीच राहील, पण तिनं गाण्यापुरतं वर यायचं. उपदेश चालू असताना खाली लीजेमावशींजवळ बसायचं.

“आणि झोप लागली तर?” नेटानं पावाचा वरचा भाग तोडून पेटरच्या मुठीत दिला.

“लागू दे की,” गेरहार्ड म्हणाला. “खालून कुठं पडणार आहेस?”