जाऊ दे तिला

व्हायोलानं पेटीचा भाता दाबून चाप लावला आणि मागे वळून पाहिलं. चर्चच्या क्वायरची बाकीची मंडळी मंगळवारचा सराव आटपून केव्हाच पांगली होती. केझिया मात्र बाकावरच होती, पर्स मांडीवर घट्ट धरून.

"आंटी, थोडं बोलायचं होतं. मला आयर्लंडला जॉब लागलाय. नर्सचाच. सोमवारी हो की नाही ते कळवायचंय."

"मग?"

"देवाची इच्छा काय आहे तेच कळत नाहीये. पप्पा परळला एकटे पडतील. सगळे म्हणतात, थांब. तुम्ही माझ्यासाठी प्रार्थना करा ना. आणि काय वाटतं ते शनिवारी सांगा."

"करते," व्हायोला म्हणाली. पेटीवर कापड घालताना तिचे हात जरा जास्तच वेळ रेंगाळले.

दादरच्या त्या चर्चमध्ये रविवारचं स्तोत्र म्हणजे व्हायोला, असं वर्षानुवर्षं चालत आलं होतं. गेल्या उपवासकाळात तिचा घसा बसला, म्हणून एका रविवारी तिच्या जागी केझिया गायला उभी राहिली. तेव्हापासून फादर दर आठवड्याला सहज विचारल्यासारखं विचारायचे, "केझिया आहे ना?" तेही चाललं असतं. पण केझिया गायला लागली की व्हायोलाचा नवरा कॉलिन डोळे मिटून घ्यायचा. इतकी वर्षं बायको गात असताना हाच माणूस चष्मा पुसत बसायचा.

घरी येऊन तिनं येशूच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लावली. छातीवर क्रुसाची खूण करते न करते, तोच आतून उत्तर आलं. जाऊ दे तिला. पाठोपाठ मन कसं निवांत झालं. देवाची इच्छा ओळखायची तर मनातली शांती बघावी, असं फादर प्रवचनात सांगत. ही काय, शांतीच होती. त्या रात्री तिला गाढ झोप लागली.

सकाळी ती बोंबील साफ करत होती. कॉलिन चहाचा कप घेऊन ओट्याशी आला.

"आज स्वारी खुशीत दिसतेय. काय गुणगुणतेयस?"

व्हायोलाचा हात थांबला. येत्या रविवारचं स्तोत्र होतं ते. केझियाच्या उंच पट्टीत नव्हे, स्वतःच्या खालच्या पट्टीत.

"काही नाही," ती म्हणाली आणि नळ मोठा सोडला.

त्यानंतर ती रोज तसबिरीपुढे बसली. उत्तर रोज तेच यायचं आणि आवाजही ओळखीचाच असायचा. शांती मात्र पुन्हा आली नाही.

शनिवारी सराव संपल्यावर केझिया जवळ आली.

"आंटी, काय वाटलं?"

"मला विचारू नकोस, बाय." व्हायोला पेटीकडे बघत बोलली. "तू जावंस असंच मला वाटतं. पण ते देवाचं नाही, माझं आहे. तू इथं नको आहेस मला. गातेस म्हणून."

केझियानं बाकावरची पर्स उचलली. मग हलकेच म्हणाली, "माहीत आहे मला."

व्हायोलानं मान वर केली.

"पप्पांना मी हवीय, फादरना हवीय, क्वायरला हवीय. ते थांबच म्हणणार. म्हणून वाटलं, जिला मी नकोय तिलाही विचारून बघावं. तुम्ही देवाचं नाव पुढे केलं नाहीत, बरं वाटलं." तिनं पर्स खांद्याला लावली. "आता माझं मलाच ठरवायला हवं."

रविवारी मिस्साची प्रार्थना सुरू होण्याआधी केझिया पेटीशी वाकली. "पप्पांना रात्री सांगितलं. जातेय मी."

व्हायोलानं नुसती मान हलवली. जे मागितलं होतं ते पदरात पडलं होतं.

स्तोत्राला केझिया उभी राहिली. पहिलं कडवं नेहमीसारखंच लागलं, आणि व्हायोलाच्या पोटात नेहमीसारखंच जळलं. दुसऱ्या कडव्याला केझियाची नजर पुढच्या बाकावर बसलेल्या बापाकडे गेली. तो मान खाली घालून बसला होता. तिचा आवाज मध्येच अडकला.

व्हायोलानं ओळ उचलली. तिच्या नकळतच. भरलेल्या चर्चमध्ये आपला आवाज तिनं किती महिन्यांनी ऐकला. लोकांनी माना वळवल्या. कडवं सहज पुरं करता आलं असतं.

ओळ संपली तिथं ती गायची थांबली. पुढचे सूर नुसते पेटीवर धरले, डोळे पट्ट्यांवर ठेवून भाता हलवत राहिली. चर्च ताटकळलं. शेजारी केझियानं नाक पुसल्याचं तिला ऐकू आलं, मग गाण्याआधी घेतात तसा एक लांब श्वास.