कोन उनात?

मी भोंगा बोलतोय. दचकू नका, आज ओरडायचं नाही, बोलायचंच आहे. आयुष्यभर माझ्या तोंडून एकच सूर निघाला, त्यामुळे शब्दांची सवय नाही. कुठे अडखळलो तर सांभाळून घ्या.

दोंडाईच्याच्या रतिलाल शेठच्या जिनिंगमध्ये माझी चोपन्न वर्षं गेली. त्यातली बहुतेक गच्चीवर, ऊन खात आणि कबुतरांचं सहन करत. मी हाताने फिरवायचा भोंगा. पोटात एक पोकळ चाक, बाहेर एक दांडा. दांडा फिरवला की चाक फिरतं आणि मी रडायला लागतो. चढता-उतरता रडलो तर धोका, सरळ एकसुरी रडलो तर धोका टळला. एवढंच माझं व्याकरण.

माझा एक दोष मात्र आधीच कबूल करून ठेवतो. दांडा सोडला तरी मी लगेच थांबत नाही. चाकाने वेग घेतलेला असतो. फिरवणारा बाजूला होऊन घाम पुसत असतो आणि मी आपला ओरडतच असतो. पुढची सगळी रड याच दोषाची आहे.

मला इथे आणलं ते एकाहत्तर साली. त्या उन्हाळ्यापासून शेठच्या पेढीवर वर्तमानपत्र वाचून चर्चा चालायची. सीमेवरून माणसांचे लोंढे येतायत, इकडून इशारा गेला, तिकडून उत्तर आलं, कोणी मोठा माणूस कोणाला भेटायला विमानाने गेला. ऐकणारे मान हलवायचे आणि म्हणायचे, "बोलणी चालू आहेत ना? मग काही होत नाही." पावसाळा गेला, दिवाळी गेली. दत्तजयंती झाली आणि एक-दोन दिवसांत लढाई सुरू झाली. काही होत नाही म्हणणारे तेच लोक दुसऱ्या दिवशी म्हणाले, "हे होणारच होतं." माणसांची ही एक गंमत मला कधी कळली नाही.

मला फिरवण्याचं काम पुनाकडे आलं. तेव्हा तो बावीस वर्षांचा, जिनिंगवर सरकीची पोती मोजणारा, दंडात ताकद असलेला पोरगा. शेठने बजावलं होतं, "तालुक्याहून टेलिफोन आला की फिरव. उशीर झाला तर गाव जाईल." या वाक्याने पुनाची झोप उडाली. संध्याकाळ झाली की तो माझ्याजवळ येऊन बसायचा आणि दांड्यावर हात ठेवून आभाळाकडे बघायचा. हाताला घाम सुटायचा, तो मला कळायचा.

आता त्या संध्याकाळबद्दल सांगतो.

लढाई असली म्हणून सारंगखेड्याची यात्रा थोडीच चुकते? आमच्या जिनिंगला कापूस वाहणारे चार गाडीवान यात्रेला गेले होते. त्यात जीवराम होता, पुनाचा जिवाभावाचा दोस्त. त्याची बायको रुख्माबाई पहिलटकरीण, सातवा महिना. तिने नवऱ्याला एकच गोष्ट आणायला सांगितली होती, पुरणपोळ्यांसाठी नवं खापर. जुन्याला तडा गेला होता.

दिवेलागणीला रुख्माबाई जिनिंगच्या फाटकाशी वाट बघत उभी होती. गावात दिवे झाकलेले, सगळं चिडीचूप. लांब सारंगखेड्याच्या रस्त्यावर तिला कंदिलांची रांग हलताना दिसली, आणि त्या पोरीला काही राहवलं नाही. ती आनंदाने ओरडली, "उनात! उनात वं माय, उनात!"

खानदेशात 'उना' म्हणजे आला, 'उनात' म्हणजे आले. कोण आले ते त्या शब्दात नसतं. पाहुणे येवोत, गाड्या येवोत, नाहीतर विमानं येवोत, शब्द तोच.

पुनाची नजर आभाळात अडकलेली. खालून कोणीतरी ओरडलं, "उनात!" एवढंच त्याच्या कानावर आलं. टेलिफोन सकाळपासून मुका होता, तार कुठेतरी तुटली होती, म्हणून त्याला आणखीच धसका. त्याने विचार केला नाही. दांडा पकडला आणि जीव खाऊन फिरवला. मी चढलो, उतरलो, पुन्हा चढलो. उभ्या गावाचं काळीज हललं असेल.

पाच-सहा फेऱ्यांनंतर पुनाने खाली वाकून पाहिलं. त्याला कंदील दिसले, गाड्या दिसल्या. त्याने चटका बसल्यासारखा दांडा सोडून दिला.

मी थांबलो नाही. मला थांबता आलं नाही.

भोंगा ऐकून गाडीवानांनी हुकमाप्रमाणे कंदील विझवले. अंधार झाला, आणि नेमकी तेव्हा जीवरामची गाडी जिनिंगसमोरच्या नाल्याच्या पुलावर चढत होती. पुनाने दांडा सोडल्यानंतरचा माझा तो लांबलेला हंबरडा ऐकून बैल उधळले. गाडी कठडा नसलेल्या पुलावरून नाल्यात गेली आणि जीवराम गाडीखाली सापडला. त्या लढाईत आमच्या दोंडाईच्याच्या आभाळात मला एकही विमान दिसलं नाही. माणूस मात्र गेला.

खापराचे तुकडे सकाळी नाल्यात मिळाले.

आता ते कोणाच्या तरी डोक्यावर फोडायला हवं होतं. लोक जमले, शेठने विचारलं, "कोणी सांगितलं रे तुला?" पुनाने फाटकाकडे पाहिलं. तिथे बायकांच्या गराड्यात रुख्माबाई बसली होती. तो म्हणाला, "टेलिफोन आला होता."

लोकांनी टेलिफोनला शिव्या घातल्या, सरकारला घातल्या, शत्रूला घातल्या. तार तुटलेली होती हे कोणी तपासलं नाही. खोटं मला आवडत नाही, पण त्या दिवशी पुना जे खोटं बोलला त्याच्याइतकं भलं बोललेलं मी दुसरं ऐकलं नाही. दांडा सोडल्यावर जे ओरडणं झालं ते पुनाचं नव्हतं, माझं होतं, हे सांगायला माझ्याकडे शब्द नव्हते. आज आहेत म्हणून सांगतो. चूक माझीही होती.

लढाई चौदा दिवसांत संपली. नंतर शेठने मला पाळीच्या वेळेला जुंपलं. सकाळी आठ, दुपारी बारा, एक, संध्याकाळी पाच. सरळ, एकसुरी. तीस-पस्तीस वर्षं मी गावाला जेवायला घातलं म्हणा ना! बाराचा भोंगा झाला की बायका तव्यावर भाकरी टाकायच्या. मग विजेची घंटा आली आणि मला कोणी विचारेना.

रुख्माबाईने जिनिंगवर कापूस निवडून मुलगा वाढवला, प्रकाश. प्रकाशचा मुलगा जितेंद्र फौजेत गेला. या सगळ्या वर्षांत एक गोष्ट माझ्या ध्यानात आली होती. रुख्माबाईच्या तोंडून मी 'उना' किंवा 'उनात' हा शब्द पुन्हा कधी ऐकला नाही. दारात पाहुणा असला तर ती म्हणायची, "कोनी तरी दारमा शे." निव्वळ दुःखामुळे ती तो शब्द टाळत असेल, असं मला वाटायचं. इथेही मी चुकलो.

गेल्या वर्षी मे महिन्यात पुन्हा वातावरण तापलं. सीमेवर गोळे पडायला लागले. शहराशहरांत भोंगे वाजवून सराव करायचं ठरलं. आमच्या गावाचं नाव कुठल्या यादीत असल्याचं मी ऐकलं नाही, पण शेठचा नातू नवल, जो आता जिनिंग बघतो, त्याला वाटलं दोंडाईचा काय म्हणून मागे राहील? त्याला गच्चीवरचा मी आठवलो. माझ्या अंगावरची घाण धुतली, तेल पाजलं. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

फिरवणार कोण? शहात्तर वर्षांच्या पुनाला बोलावणं गेलं.

"आबा, फक्त सराव आहे," नवल म्हणाला. "तुमच्याशिवाय कोणाला येतं? आणि मी म्हणतो, आता एकदाचं होऊनच जाऊ द्या. किती दिवस ऐकून घ्यायचं?"

पुना म्हणाला, "व्हऊ दे म्हनाले काय लागस, भाऊ? दांडा फिरावाले सोपा शे."

"अहो, हल्ली कोणी मोठी लढाई करत नाही. एक दणका द्यायचा आणि थांबायचं."

"हाऊ बी थांबत नही," पुना माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला. नवल हसला. त्याला वाटलं, म्हातारा माझ्या बेअरिंगबद्दल बोलतोय.

मी नवलला दोष देत नाही. मी गच्चीवर बसून चहाच्या टपरीवरच्या बातम्या ऐकतच असतो. इथे एक देश जहाजं पाठवतो, तिथे दुसरा क्षेपणास्त्र उडवून दाखवतो, तिसरा वकिलातीतली माणसं परत बोलावतो. जो तो आपापला दांडा थोडाथोडा फिरवतोय, दुसऱ्याला ऐकू जावा म्हणून. प्रत्येकाला वाटतं, दांडा माझ्याच हातात आहे, वाटेल तेव्हा सोडीन. सोडतीलही. पण चाकाचं काय? लढाई कोणाला नकोच असते असं म्हणतात, आणि मी ते खरं मानतो. पुनाला तरी जीवराम मरायला कुठे हवा होता?

सरावाच्या दिवशी चार वाजता पुना धापा टाकत गच्चीवर आला. त्याच्या मागोमाग जिन्यातून आणखी कोणी तरी येत होतं. एक एक पायरी बसत, उठत. रुख्माबाई! हातात मोबाईल घट्ट धरलेला. तीन दिवस जितेंद्रचा फोन लागत नव्हता.

"वैनी, तू कशाले उनी..." तो शब्द तोंडून निघताच पुना थबकला.

ती माझ्या कट्ट्यावर टेकली. मग शांतपणे म्हणाली, "भाऊ, तो शबद मना व्हता. माले ठाउक शे."

आमच्याकडे 'मना' म्हणजे माझा. पुना तिच्यासमोर खाली बसला.

"टेलिफोन त्या दिन बंद व्हता. शेठनी बाई सकायपासून बोंबलत व्हती. माले बठ्ठं ठाउक शे."

"मंग कधी बोलनी कशी नही?"

"तू मनासाठे इतला वरीस खोटं बोलना. ते मी कसं मोडू?" तिने पदराने तोंड पुसलं. "पन एक सांगू? तू एक डाव खाले देखीसन इचारं असतं ना, 'कोन उनात?' मी सांगं असतं ना भाऊ, गाड्या उनात म्हनीसन."

चोपन्न वर्षं दोघंही एकमेकांना वाचवत राहिले होते, आणि दोघंही आतून एकटे जळत होते. मला तेव्हा खरंच रडावंसं वाटलं, पण मला फिरवल्याशिवाय रडता येत नाही.

खालून नवलने शिट्टी मारली. पुनाने दांडा धरला. हुकूम होता, दोन मिनिटं चढउतार, मग सरळ. रुख्माबाई म्हणाली, "सरका वाजाड, भाऊ."

आणि पुनाने मला पहिल्यापासून सरळ वाजवलं. एकसुरी, लांब. धोका टळला, धोका टळला, धोका टळला. त्याचे दंड थरथरत होते, पण सूर हलू दिला नाही त्याने.

खाली सगळा घोळ झाला. लोकांनी घरात लपायचं होतं, ते मोबाईल घेऊन बाहेर चित्रण करायला आले. एक म्हातारी विचारत होती, "बारा वाजी ग्यात का?" नवल ओरडला, "आबा, चुकलं! चुकलं!" पुनाने दांडा सोडला. मी नेहमीप्रमाणे ओरडत राहिलो. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या त्या दोषाची मला लाज वाटली नाही.

काही दिवसांत गोळीबार थांबला. मोठं युद्ध झालं नाही. "बघा, मी म्हणालो होतो," नवल म्हणाला. पण ते शहाणपणाने टळलं की नशिबाने, हे मला ठाऊक नाही आणि नवललाही नाही. थांबण्याच्या आधी सीमेच्या दोन्ही बाजूंना काही घरांतले जीवराम गेलेच असतील. त्यांच्या घरचे आजही वाट बघत असतील.

दिवाळीत एका सकाळी फाटकाशी रिक्षा थांबली. हिरवी ट्रंक उतरली. रुख्माबाई फाटकासमोरच्या आपल्या ओट्यावर पणत्या पुसत होती. तिने बघितलं, उठली, आणि तिच्या तोंडून तो शब्द निघून गेला, "उना! उना रे, उना!"

पुना चहाच्या टपरीवर बसला होता. कप खाली ठेवून, हात तोंडाशी धरून त्याने मोठ्याने विचारलं, "कोन उना वं, वैनी?"

"मना जितू उना!"

एवढंच. चार शब्दांचा प्रश्न आणि तीन शब्दांचं उत्तर. मी गच्चीवर गप्प बसून होतो, मला कोणी फिरवलं नाही. त्या संध्याकाळीही एवढंच तर हवं होतं.

आता मी खाली आलोय, गोदामात, मोडक्या वजनकाट्याशेजारी. गच्चीवर नवलने नवा भोंगा बसवला आहे. तो बटणावर चालतो, तेही मोबाईलमधून. गच्चीवर चढायला नको, दंडात ताकद नको. नवल पुण्याला असला तरी तो दोंडाईच्यात वाजवू शकतो, असं तो कौतुकाने सांगतो. चांगलंच आहे. फक्त पुण्याहून त्याला आमचं फाटक दिसणार नाही.

भंगारवाला येत्या बाजाराच्या दिवशी येणार आहे. माझी तक्रार नाही, लोखंडाचं काहीतरी होतंच. तवा केलात तर आवडेल. पण जायच्या आधी, जिथे जिथे ज्यांच्या हातात दांडे आणि बटणं आहेत, त्यांना या गावठी भोंग्याचं एकच सांगणं आहे. कोणी "उनात" म्हणून ओरडलं, तर फिरवायच्या आधी एकदा खाली वाका आणि विचारा.

खाली बहुतेक वेळा एक बाई उभी असते, आणि ती फक्त आपल्या माणसाची वाट बघत असते.