एका कपापुरता

मित्रांनो, मी एक जुना कॉफीमेकर आहे. एका वेळी एकच कप कॉफी करणारा. उंचीने पाण्याच्या बाटलीएवढा, रंगाने काळा, झाकणापाशी थोडासा पिवळट पडलेला. आपली गोष्ट सांगताना माझे भाऊबंद छाती फुगवून बोलतात. मला ते जमणार नाही. माझी गोष्ट मला खालमानेनेच सांगावी लागेल.

कारखान्यात माझे सगळे भाग जोडून झाले तेव्हा तपासणीच्या बाईंनी माझ्यात पाणी ओतले आणि बटण दाबले. चार मिनिटांनी माझा लाल दिवा विझून हिरवा लागला. "हा गुणी निघाला," त्या शेजारणीला म्हणाल्या. तो शब्द मी फार दिवस मिरवला.

माझा पहिला मालक औषधांचा विक्रेता होता. दिवसभर गाडीतून या दवाखान्यातून त्या दवाखान्यात फिरायचा. मी गाडीच्या बॅटरीवरही चालत असे. डॉक्टर बोलावेपर्यंत तो गाडीतच मला सुरू करायचा, घाईघाईने कॉफी घ्यायचा आणि टाय नीट करून आत जायचा. एकट्या माणसाला माझी मोठी सोय होती. दोन वर्षांनी त्याचे पित्त इतके वाढले की कॉफी बंद झाली. तेव्हा ज्या दुकानातून तो पँट आखूड करून घेत असे, तिथे त्याने मला देऊन टाकले. "तुम्ही वापरा. माझ्या पोटाला आता हा सोसत नाही," तो म्हणाला.

ते दुकान दोन बहिणींचे होते. पुढच्या खोलीत शिवणकाम आणि मागे त्यांचे घर. थोरली कापड बेतायची, गिऱ्हाइकांशी बोलायची. जिभेला हाड नव्हते, पण कात्री चालवावी तर तिनेच. धाकटी काजे करायची, हातशिलाई करायची, रफू करायची. तिचे रफू इतके बारीक असे की कोट घ्यायला आलेला माणूस विचारायचा, "भोक होतं कुठं हो?"

मी येण्याआधी दुपारी चार वाजता दोघी हातातले काम ठेवत. छोट्या पातेल्यात कॉफी उकळून दोन कपांत ओतत आणि बेतायच्या टेबलाशी समोरासमोर बसत. अर्धा तास नुसत्या गप्पा. कुणाचे माप वाढले, कुणाची पाठ दुखते, कुणाला काय स्वप्न पडले, सगळे त्या टेबलावर येत असे.

मी आलो आणि थोरली खूश झाली. "आता कुणी कुणासाठी थांबायला नको," ती म्हणाली. "जिला हवी तिनं करून घ्यावी."

मी एक कप केला की मला दहा मिनिटे थंड व्हावे लागे. त्यामुळे थोरली चारला कॉफी घेई आणि कप बेतायच्या टेबलावर नेई. धाकटी सव्वाचारला घेई आणि कप शिलाई मशीनजवळ ठेवी. दोघींच्या पाठी एकमेकींकडे. पातेले वरच्या फळीवर गेले. गिऱ्हाइके माझे कौतुक करत. "किती सुटसुटीत आहे नाही!" ती म्हणत, आणि मी फुगून जाई. त्या खोलीतले बोलणे हळूहळू 'कात्री दे' आणि 'दोरा संपला' एवढ्यावर आले होते. मला ते ऐकू येत होते, पण त्यात आपला काही हात असेल हे माझ्या मनातही आले नाही.

मग धाकटीच्या हातून सांडू लागले. आधी कॉफीची पूड चाळणीबाहेर पडायची. पुढे ती कप माझ्या नळीखाली ठेवायची, पण जरा बाजूला. हिरवा दिवा लागून किती वेळ झाला तरी ती बसूनच राही. पाणी ओतताना बोट आत घालून ती पातळी चाचपू लागली, ते पाहून मला कळले. धाकटीला समोरचे दिसत होते, पण बाजूचे दिसत नव्हते. सुईत दोरा ती अजून एका झटक्यात ओवायची, म्हणून कुणाला शंका आली नाही. पण टेबलाचा कोपरा तिला रोज लागत होता आणि ती आवाज न करता मांडी चोळत होती.

थोरली वळून बघायच्या आत ती सांडलेले पुसून टाकायची. तरी एकदा थोरलीच्या पायाला ओले लागले.

"हे यंत्र गळतंय वाटतं," ती वैतागून म्हणाली.

धाकटी वाकून फरशी पुसू लागली.

मित्रांनो, त्या क्षणी मला काय वाटले ते सांगायला जीभ रेटत नाही. मला तिचा राग आला. मी, गुणी निघालेला, गळतोय? हिची चोरी एकदा पकडली जावी म्हणजे माझ्यावरचा आळ जाईल, असे मी मनात म्हटले. एकदा नाही, रोज म्हटले. जिची नजर जात होती तिच्याबद्दल मी हे चिंतत होतो.

आणि ती पकडली गेली. ग्रंथालयात काम करणाऱ्या एका बाईंचा फिका, दुधी रंगाचा कोट तयार होऊन माझ्या शेजारी टांगला होता. त्या बाई कोट घ्यायला दारात आल्याच होत्या. धाकटीने माझ्यात खुणेच्या वर पाणी ओतले, झाकण नीट बसले नाही, आणि तिने बटण दाबले. पाणी उकळले तसे झाकणाच्या कडेने उसळून बाहेर आले. तिच्या मनगटावर सांडले. तिने झटक्याने हात मागे घेतला, त्या धक्क्याने माझा तोल गेला, आणि काळी कॉफी कोटाच्या छातीवर पसरली.

"डोळे फुटलेत का तुझे?" थोरली ओरडली.

धाकटी मनगट धरून उभी होती. ती हळूच म्हणाली, "हो गं ताई. तसंच काहीसं झालंय."

कोटाच्या बाईच पुढे झाल्या, धाकटीला मोरीपाशी नेले आणि तिचा हात वाहत्या पाण्याखाली धरला. "कोटाचं राहू द्या," त्या म्हणाल्या. थोरली अजून जागची हलली नव्हती.

"कधीपासून?" तिने विचारले.

"आठ महिने झाले असतील. कडा काळ्या होत चालल्यात. आधी उजव्या डोळ्याला, आता दोन्हीला."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"कधी सांगू? तू तिकडे तोंड करून, मी इकडे. उठून तुझ्या पाठीला सांगायचं का? चारला बसायचो तेव्हा आपोआप तोंडातून गेलं असतं."

थोरलीने आधी माझ्याकडे पाहिले. मग ती खाली बसली आणि तोंडावर पदर घेऊन रडली. "मी विचारलं नाही," ती सारखी म्हणत होती. "मला वळून विचारायला काय झालं होतं?"

दुसऱ्याच दिवशी दोघी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेल्या. परत आल्यावर थोरलीने शेजारणीला सांगितले ते मी ऐकले. डोळ्यांत दाब वाढला होता. गेलेली नजर येणार नव्हती. रोज थेंब घातले तर उरलेली टिकण्याची आशा होती. "सहा महिने आधी आला असतात तर," डॉक्टर म्हणाले होते आणि वाक्य तिथेच सोडले होते.

थोरलीने मला अस्तराच्या तुकड्यात गुंडाळून चिंध्यांच्या पेटीत टाकले. जवळजवळ वर्षभर मी तिथे होतो. आत ओल राहिली, नळीत क्षार साचले. खरे सांगतो, मला अंधाराचे काही वाटले नाही. तोंड लपवायला जागा मिळाली होती.

मला बाहेर काढले ते धाकटीने. तिला शिवणवर्गात रफू शिकवायचे काम मिळाले होते. आठवड्यातून दोनदा बसने एकटीने जायचे होते. "तिथं कॉफी मिळत नाही. मी याला नेते," ती म्हणाली.

"त्याचं नाव काढू नकोस!" थोरली कडाडली.

"त्यानं काय केलं? पाणी मी जास्त ओतलं. दिसत नाही हे लपवलं मी."

तिने मला माफ केले. त्याने मी आणखीच खजील झालो.

थोरलीने पुटपुटत मला लिंबाच्या पाण्याने धुतले. मग तिने डब्यातले एक जाड, चार भोकांचे कोटाचे बटण काढले आणि माझ्या चालू करायच्या कळीवर चिकटवले. बोटाला लागावे म्हणून. बरोबर एका खेपेचे पाणी मावेल अशी छोटी वाटीही शोधून दिली. आता मी दिसायला विचित्र दिसतो. वर्गातल्या मुली हसतात. हसू देत.

तिथे धाकटी मला सुरू करते आणि जवळ जी असेल तिला सांगते, "मला बाजूचं दिसत नाही. कप नीट खाली आहे का बघ गं." ती मुलगी बघते, मग बसते. चार मिनिटे दोघी बोलतात.

मित्रांनो, मला स्वच्छ ठेवा, क्षार काढा, खुणेपर्यंतच पाणी घाला, हे माझ्या खोक्यावर लिहिलेले असते. तुम्ही ते वाचालच. मला दुसरे मागायचे आहे. तुमच्या घरात कुणाच्या हातून वारंवार सांडत असेल, तर ओरडण्याआधी त्याच्या तोंडाकडे बघा. मी बघितले होते, पण मला बोलता येत नव्हते. आणि जे मनात म्हणता येत होते, ते मी वाईट म्हटले.

परवाच्या तपासणीत नजर आणखी गेलेली नाही असे निघाले. तरी आज निघताना थोरलीने दारात तिला अडवलेच.

"आज कसं दिसतंय?"

"कालच्यासारखं. ताई, रोज काय गं तेच विचारतेस?"

"विचारणार," थोरली म्हणाली, आणि मला पिशवीत सरळ उभे केले.