तीन सायकलींचा रॅक

श्रीधर भडकमकरने आयुष्यात एकही वस्तू नुसती विकत घेतली नव्हती. तो आधी तिचा अभ्यास करायचा. घरातला फ्रिज बंद पडला, तेव्हा नव्या फ्रिजचा अभ्यास उन्हाळाभर चालला आणि तेवढे महिने भडकमकरांचं दूध शेजारच्या तनपुऱ्यांकडे मुक्कामाला राहिलं. शेवटी कंटाळून तनपुऱ्यांनीच नवा फ्रिज घेतला आणि आपला जुना ह्यांच्या दारात आणून ठेवला. तो अजून उत्तम चालतो, पण श्रीधरच्या मते त्याच्या दाराचं रबर जरा कमजोर आहे. हडपसरच्या एका कारखान्यात तो क्वालिटीचं खातं सांभाळायचा. माल नापास करण्याचाच पगार मिळायचा म्हणा ना.

अशा माणसाला गेल्या वर्षी मे महिन्यात लेक म्हणाली, "बाबा, आपण तिघं सायकलवर खडकवासल्याच्या पुढे जाऊया ना!"

तनयाची अकरावी नुकतीच संपली होती. घरात तीन सायकली होत्या. आनंदीही, म्हणजे तनयाची आई, तयार होती. सहकारनगरातून धरण काही काशीला नाही. एखादा साधा बाप असता तर चाकात हवा भरून निघाला असता.

"सिंहगड रोडवरून सायकल?" श्रीधर म्हणाला. "ट्रॅफिक पाहिलंस का? त्यापेक्षा सायकली गाडीवर लावून धरणापर्यंत नेऊ. पुढे पानशेतचा रस्ता मोकळा आहे, तिथे चालवू. त्याला रॅक लागतो. रॅक आला की लगेच पुढच्या रविवारी."

आनंदीने लेकीकडे पाहिलं. आनंदी एका कॉलेजच्या लायब्ररीत नोकरीला होती आणि गप्प बसण्याची तिला सवय होती.

अभ्यासाला सुरुवात झाली. रॅक तीन तऱ्हेचे असतात असं श्रीधरला कळलं आणि त्याला मनापासून आनंद झाला, कारण एकाच तऱ्हेचे असते तर घ्यावा लागला असता. छतावरच्या रॅकला सायकल डोक्याच्या वर उचलायला लागते, म्हणजे कंबर गेली. गाडीच्या पोटाखाली हूक बसवून त्यावर ठेवायचा दुसरा, तो नंबरप्लेट झाकतो. डिकीला पट्ट्यांनी बांधायचा तिसरा, तो रंग खरवडतो. तिन्ही नापास! मग त्याने तिन्हींना गुण द्यायचा तक्ता केला. त्यात चोवीस रकाने होते, आणि 'वाऱ्याचा अडथळा' ह्या रकान्यापाशी तो दीड महिना अडकला.

नंबरप्लेटचं काय, हे विचारायला तो स्वारगेटच्या चौकात ट्रॅफिक हवालदारापाशी जाऊन उभा राहिला.

"रॅक कुठाय?" हवालदाराने विचारलं.

"अजून घेतला नाही. घेतला तर चालेल का, ते विचारतोय."

"साहेब," हवालदार शिट्टी तोंडातून काढून म्हणाला, "इथे केलेल्या गुन्ह्यांना मला वेळ पुरत नाही. तुम्ही न केलेल्यांचं घेऊन आलात."

रॅक विकणाऱ्या सुखदेवरावांच्या दुकानाच्या तर त्याने इतक्या फेऱ्या मारल्या की ते त्याला पाहिल्यावर खुर्ची सोडून आत जाऊ लागले. सातव्या की आठव्या खेपेला एक दुसरं गिऱ्हाईक रॅक बघत उभं होतं. सुखदेवराव म्हणाले, "ह्यांना विचारा. कंपनीपेक्षा ह्यांना जास्त माहिती. मी जेवून येतो." श्रीधरने त्या गृहस्थाला अर्धा तास मन लावून सगळं समजावलं. गृहस्थाने आभार मानले, रॅक घेतला, दुकानाच्या दारातच गाडीला बांधला आणि गेलासुद्धा.

"बघा," सुखदेवराव ढेकर देत म्हणाले, "घेता येतो."

श्रीधरला हे झोंबलं, नाही असं नाही. पण तो माणूस उतावळा आहे, वर्षभरात पस्तावेल, असं त्याने घरी येऊन आनंदीला सांगितलं. आनंदी म्हणाली, "हो का."

ह्या सगळ्यात वर्ष उलटलं. तनयाची बारावी झाली, परीक्षा झाल्या, निकाल लागले, आणि ऑगस्टच्या एका सोमवारी बंगळुरूच्या कॉलेजचं पत्र आलं. पुढच्या गुरुवारची गाडी. होस्टेल, चार वर्षं.

त्या दिवशी श्रीधर तक्ता उघडून बसला खरा, पण रकाने दिसेनात. हातात एक रविवार उरला होता. एकच! पोरीने सतरा वर्षांत फारसं काही मागितलं नव्हतं. जे मागितलं होतं ते आपण चोवीस रकान्यांत घालून ठेवलं, हे त्याला पहिल्यांदा लख्ख कळलं. तो उठला, सुखदेवरावांकडे गेला आणि म्हणाला, "द्या, कुठलाही द्या." सुखदेवरावांना वाटलं घरात काही वाईट बातमी आहे. त्यांनी पट्ट्यांचा रॅक काढून दिला.

रविवारी पहाटे पाचला श्रीधर पार्किंगमध्ये उतरला. माहितीपत्रक त्याने लॅमिनेट करून आणलं होतं. सहा पट्ट्या, त्यांची बकलं, खाली जुनी सतरंजी, रंग खरवडू नये म्हणून. पावणेसात झाले. आनंदी आणि तनया हेल्मेट घालून, हातमोजे चढवून पायरीवर बसल्या होत्या.

"तयारी झकास केलीत हं," श्रीधर खूष होऊन म्हणाला.

"हो," तनया म्हणाली आणि आईकडे बघून ओठ चावला.

एकदाचे निघाले. पट्ट्या ताणून बघायला श्रीधरने राजाराम पुलापाशी गाडी थांबवली, वडगावला थांबवली, नांदेड फाट्याला थांबवली. दरवेळी मागून सायकलवाले घंटी वाजवत पुढे जात होते. त्यातल्या एकाने "तनयाऽऽ!" म्हणून हात केला. एका पांढऱ्या केसांच्या बाईंनी तर आनंदीच्या काचेवर टकटक करून "पंक्चर का?" असं काळजीने विचारलं. लायब्ररीतल्या असतील, श्रीधरला वाटलं.

धरण मागे पडलं, पानशेतच्या रस्त्याला लागल्यावर तनया म्हणाली, "बाबा, त्या टपरीपाशी थांबा. आधी चहा."

पत्र्याच्या टपरीत एक साठीच्या बाई स्टोव्हला पंप मारत होत्या. त्यांनी मान वर केली आणि पंप सोडून बाहेर आल्या.

"अगं बया! ताई, आज गाडीनं? आन् सायकली अशा बांधून का आनल्या? पाय दुखावला का काय पोरीचा?"

"नाही हो बायडाबाई. हे तनयाचे बाबा."

बायडाबाईंनी श्रीधरला आपादमस्तक पाहिलं. मग त्यांचा चेहरा असा फुलला की श्रीधरला संकोचच वाटला.

"आलात व्हय! बसा, बसा. पोरगी दर रव्वारी सांगायची, माझे बाबा बी येनार हायेत, तयारी चालू हाय. मला वाटलं अमेरिकेत असतील, सुट्टी घावत नसंल. लई लांबून आलात बगा. चहाचं पैसं घेनार न्हाई आज."

श्रीधर बाकावर बसला.

"दर रविवारी?" त्याने विचारलं.

"गेल्या मेपासून," आनंदी म्हणाली. "परीक्षेचे दोन महिने सोडून. पहाटे साडेपाचला निघायचं, साडेआठला घरी."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"सांगितलं की. दर शनिवारी विचारलं, येता का म्हणून. तुम्ही स्क्रीनवरून मान न उचलता म्हणायचात, रॅक येऊ दे. आल्यावर सांगायचो, जाऊन आलो. तुम्ही म्हणायचात, हं." तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर श्रीधरला बरं वाटलं असतं, भांडता तरी आलं असतं.

चहा कसा होता ते त्याला कळलं नाही. तो उठून गाडीमागे गेला आणि बकलं सोडवायला लागला. एक अडकलं. तनयाने येऊन अंगठ्याने दाबलं आणि ते सुटलं.

तिघं निघाले. रस्ता मोकळा, उजव्या हाताला पाणी, सगळं श्रीधरने सव्वा वर्षापूर्वी सांगितलं होतं तसंच. पण त्याची सायकल तेव्हापासून जागची हलली नव्हती, आणि तोही. पहिल्याच चढाला छातीचा भाता झाला. आनंदी, घरातल्या घरात गुडघे धरून उठणारी आनंदी, बघता बघता पुढे निघून गेली होती. तनया मात्र मागे वळून आली आणि त्याच्या बाजूने, पाय जेमतेम हलवत, चालवू लागली.

"असं परत ठेवूया का दिवाळीला?" तो धापा टाकत म्हणाला. "तू आलीस की... घरापासून सायकलनेच..."

"दिवाळीला चारच दिवस सुट्टी आहे बाबा." मग म्हणाली, "माझं जाऊ द्या. मला भरपूर मिळालं. पण पुढच्या रविवारपासून आई एकटीच येणार ना."

श्रीधरच्या हे डोक्यातच आलं नव्हतं. गुरुवार म्हणजे लेक जाणार, एवढंच त्याने धरलं होतं. शुक्रवारी घरात कोण उरणार, ह्याचा विचार त्याने केलाच नव्हता. त्याच्या जिभेवर आलं होतं की आधी जरा चांगलं सीट बघतो, हे फार टोचतंय. त्याने लेकीच्या तोंडाकडे पाहिलं आणि ते तसंच गिळलं.

"मी येईन तिच्याबरोबर," तो म्हणाला.

"नक्की?"

"नक्की."

"मग मला कशाला सांगताय?" तनयाने हनुवटीने पुढे दाखवलं. "तिला सांगा."

आनंदी चढाच्या टोकाला पोचली होती आणि पलीकडे उतार होता. श्रीधर सीटवरून उठला, पॅडलवर उभा राहिला आणि सगळा जोर लावून निघाला.