खरवडलेला नंबर

"काका, याच्यावर तर काहीच लिहिलेलं न्हाई," मोबाईलचा टॉर्च जवळ धरून पुजा म्हणाली.

वारंगा फाट्यावरच्या पत्र्याच्या दुकानात मसाजी तिच्या लॅपटॉपची पाठ उघडून बसला होता. आत एका कडेला काडेपेटीपेक्षाही लहान हिरवी पट्टी होती. तिला एक काळी आणि एक पांढरी अशा दोन बारीक वायरी जोडलेल्या होत्या. हेच वायफायचं कार्ड. त्याच्या लेबलावर कंपनीचं नाव आणि नंबर असतो. तो कळला की त्या कार्डाला चालवणारा प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, शोधता येतो. नंबरच नसेल तर शोधायचं काय?

उद्या सकाळी दहाला पुजाची शिष्यवृत्तीची परीक्षा होती. ती घरूनच, लॅपटॉपवर, कॅमेरा चालू ठेवून द्यायची होती. शिष्यवृत्ती मिळाली तर नांदेडचं कॉलेज, नाही तर घर. तिच्या तांड्यावर रेंज फक्त पाण्याच्या टाकीवर येते. फोन वर ठेवायचा आणि खाली ओट्यावर बसून लॅपटॉपचं वायफाय त्याला जोडायचं. वायर तिथवर पुरत नाही. मामेभाऊ योगेशनं विंडोज नव्यानं टाकलं आणि वायफाय गेलं. लॅपटॉपच्या पाठीवर छापलेलं मॉडेल बघून त्यानं ड्रायव्हर टाकला होता, पण तो लागला नाही.

मसाजीनं चष्मा कपाळावर सरकवला आणि लॅपटॉप उचलून डोळ्यांशी नेला. लेबल ब्लेडनं खरवडलेलं होतं. तिरक्या, सारख्या अंतराच्या रेघा, डावीकडून उजवीकडे. त्यानं लॅपटॉप हळूच खाली ठेवला.

"कोन्या येड्यानं केलं आसल हे?" पुजा म्हणाली. "काहून?"

हा लॅपटॉप कुणाकडून घेतला, ते त्यानं विचारलं. हिंगोलीच्या व्यंकटराव सरांकडून, जुना, असं ती म्हणाली. मसाजीला आठवलं. चार वर्षांपूर्वी सर तो घेऊन आले होते. मूळ कार्ड जळालं होतं, म्हणून त्यानं दुसऱ्या बंद पडलेल्या लॅपटॉपातलं काढून यात बसवलं होतं. योगेशचा ड्रायव्हर लागणार कसा?

"चहा पेती का?" त्यानं विचारलं.

"नको. सांगा ना."

मसाजीनं स्क्रू एकेक करून एका झाकणात गोळा केले.

"येडं न्हाई ते," तो म्हणाला. "म्याच केलं."

मग त्यानं सांगितलं, पण तिच्याकडे न बघता. हिंगोलीत रेडिओच्या दुकानात शिकत होता तेव्हा उस्तादानं पहिली गोष्ट हीच शिकवली होती : आपण बसवलेल्या सुट्या भागावर नंबर ठेवायचा नाही. नंबर दिसला की दुसरा मेकॅनिक तोच भाग आणून बसवतो आणि गिऱ्हाईक तिकडे जातं. रेडिओ गेले, टीव्ही गेले, मोबाईल आले. ब्लेड चालतच राहिलं. त्याचा बाप मेंढरं राखायचा. हरवलेलं मेंढरू कुणाच्याही कळपात ओळखू यावं म्हणून कानाला खूण करायचा. आपण नेमकं त्याच्या उलट करतोय, हे मसाजीच्या कधी मनात आलं नव्हतं.

पुजानं त्याला काही बोल लावला नाही. त्याचं त्याला जास्त ओझं झालं.

"मंग आता?" एवढंच तिनं विचारलं.

"गाडीची पाटी काढली तर गाडीचा नंबर जातो का?"

"जातो की."

"आन् खाली चेसिसवर कोरलेला?"

"तो न्हाई जात."

"हं. कार्डाचा बी न्हाई जात."

त्यानं पाठ बंद केली, लॅपटॉप चालू केला आणि तिला काउंटरच्या आत बोलावलं. आत कुणी गिऱ्हाईक कधी आलं नव्हतं. हे काम तो एरवी पडदा आपल्याकडे वळवून करायचा. पण मोतीबिंदू पिकत आला होता आणि ऑपरेशनची तारीख दोनदा पुढे गेली होती. त्यानं तिला डिव्हाइस मॅनेजर, म्हणजे लॅपटॉपातल्या सगळ्या भागांची यादी, उघडायला सांगितलं. तिथे पिवळ्या खुणेखाली एक बिननावाचं उपकरण होतं. तिनं त्यावर क्लिक केलं, डिटेल्समध्ये जाऊन हार्डवेअर आयडी निवडला आणि एक लांबलचक ओळ समोर आली. ती बघूनच पुजा घाबरली.

"समदं नको वाचू," मसाजी म्हणाला. "एमएच अडतीस म्हनल्यावर गाडी कुठली?"

"हिंगोलीची."

"आन् फुडचा नंबर?"

"कोनती गाडी ते."

"बराबर. व्हीईएनच्या फुडची चार अक्षरं कंपनी. डीईव्हीच्या फुडची चार, त्या कंपनीचं कोनतं कार्ड ते."

तिनं ती वहीत उतरवून मोबाईलवर शोधली. काहीच निघालं नाही. तिनं शून्याच्या जागी इंग्रजी ओ घातला होता. त्यात आकड्यांखेरीज अक्षरं ए पासून एफ पर्यंतच असतात, ओ कधीच नसतो, हे त्यानं सांगितलं. मग घाई न करता दुसऱ्यांदा सांगितलं. या वेळी कार्डाचं नाव निघालं. कंपनी पाठीवर छापलेल्या मॉडेलशी जुळत नव्हतीच. ड्रायव्हर फोनवर उतरवला, वायरनं लॅपटॉपात घेतला. काही वेळानं पडद्याच्या कोपऱ्यात समोरच्या टायरवाल्याच्या वायफायचं नाव आलं, मग पुजाच्या फोनचं.

तिनं ते जोडलं, तोडलं, पुन्हा जोडलं. मग वहीचं पान नीट दुमडून लॅपटॉपच्या पिशवीत ठेवलं.

तांड्याकडची जीप रस्त्यापलीकडे भरत होती. पुजा निघाली आणि दारातून परत फिरली.

"काका, आमच्या तांड्यावरल्या संगिताच्या लॅपटॉपचं बी असंच झालंय. दिपाचं बी. त्या तुमच्याकडंच यायच्या व्हत्या." ती जरा अडखळली. "मी दाखवू का त्यायला?"

बाहेर जीपवाला हॉर्न वाजवत होता.

"दाखव," मसाजी म्हणाला. "सावकाश दाखव. एकदा सांगून न्हाई समजलं तर चिडू नको."

ती धावत रस्ता ओलांडून गेली. दुपारचे साडेतीन झाले होते. संध्याकाळपर्यंत कुणी येईल असं वाटत नव्हतं. मसाजीनं चष्मा पुसला आणि दुकान उघडंच ठेवून बसून राहिला.